योहानभाऊंचा अर्ज

आमच्या प्रार्थनाघरात चार बाक होते. तीन बाकांवर माणसं बसत आणि पहिल्या बाकावर पांढरी चादर. ती जागा आमदारसाहेबांची. साहेब कधी आले नव्हते, पण चादर दर शनिवारी नाल्यावर धुतली जायची आणि रविवारी सकाळी पुन्हा अंथरली जायची. नवखा माणूस चुकून तिच्यावर टेकला की योहानभाऊ बोलता बोलता थांबत आणि त्याच्याकडे नुसते बघत राहत. माणूस मुकाट्यानं मागच्या बाकावर जाई.

योहानभाऊ आमच्या मंडळीचे उपदेशक. मूळचे मिशनच्या बंगल्यावरचे स्वयंपाकी. मिशनचे साहेब विलायतेला परत गेले तेव्हा प्रार्थनाघराची किल्ली यांच्या हातात देऊन गेले. गडचिरोलीहून पाळकसाहेब वर्षातून तीनदा येत. उरलेले रविवार किल्लीवाल्याचे. गावात ख्रिस्ती घरं सात, त्यात माझं धरून. घंटेच्या जागी वडशाहून आणलेला रुळाचा तुकडा चिंचेला टांगलेला होता. तो ते असा बडवत की तळ्यावर जाळं टाकणारी माणसंही वैतागत.

उपदेश मात्र जीव लावून करत. मोशे आपले लोक घेऊन समुद्राशी पोचलेला असायचा, पाणी दुभंगलेलं असायचं, आणि नेमका लांबून मोटारीचा आवाज यायचा. मोशे तिथंच उभा, योहानभाऊ दारात. मोटार निघायची लाकडाच्या ठेकेदाराची. परत येऊन ते विचारायचे, "कुठी होतो मी?" मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास सांगे, "पाण्यात."

त्यांच्या तोंडी एकच वाक्य: "अर्ज गेला आहे." कौलं गळायला लागली, अर्ज गेला आहे. बैल लंगडायला लागला, अर्ज गेला आहे. बैलाचा अर्ज देवाकडे असायचा, ते विचारल्यावर कळे. देवाला तोंडी चालतं, सरकारला लेखी लागतं, एवढाच त्या दोघांत फरक, असं त्यांचं मत होतं. मी त्यांची यथेच्छ टिंगल करत असे. मी हेडमास्तर, चांद्याहून बदलून आलेला, आणि बदलीचा राग कोणावर तरी काढायला हवाच होता.

सरकारकडे गेलेला अर्ज कोणता, ते त्यांनी मला पहिल्याच पावसाळ्यात ओसरीवर बसून सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी पहिली निवडणूक झाली होती. तेव्हा शिक्का मारणं नव्हतं. दर उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याची निशाणी, आणि आपली चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. ह्या आमदारसाहेबांची निशाणी कोणती ते मी सांगत नाही, उगाच कोणाला झोंबायला नको. तर योहानभाऊंनी मताच्या चिठ्ठीबरोबर एक अर्जही घडी करून त्या पेटीत टाकला होता.

"पेटी त्यायची, निशानी त्यायची, कुलूप सरकारचं," ते मला समजावून सांगत होते. "मधात चपराशी नाई, बाबू नाई. सिद्धा साहेबाच्या हातात जाते."

मी हसायला तोंड उघडलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

कारण तो अर्ज मी पाहिला होता. चांद्याला मतमोजणीला आम्हा मास्तरांनाच बसवलं होतं. माझ्या टेबलावर एक पेटी उपडी केली तेव्हा चिठ्ठ्यांमधून शाळेच्या वहीचा एक कागद निघाला. वर निळ्या पेन्सिलीनं क्रूस काढलेला. मी उठून उभा राहिलो आणि उपदेशकाचा आव आणून तो सगळ्यांना वाचून दाखवला. गावच्या नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, पाहिजे, पावसाळ्यात दवाखान्याला जाता येत नाही. बायकोला दमा आहे, पावसाच्या आधी झालं तर बरं. उत्तर लिहायला सवड नसेल तर लिहू नका, पण नाताळात जेवायला या, चादर टाकून ठेवतो. ह्या शेवटच्या ओळीला सगळे पोट धरधरून हसले. मोजणीचे अधिकारीही हसले आणि म्हणाले, टाका तिकडं. मी त्याचा बोळा केला आणि टोपलीत टाकला. टोपलीत नेम बरोबर लागला म्हणून पुन्हा एकदा हशा झाला.

त्या कागदावर गावाचं नाव होतं, पण हसण्याच्या भरात ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. वर्षभरानं त्याच गावात, त्याच माणसाच्या ओसरीवर बसून मी चहा पीत होतो.

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, आधीच सांगून टाकलं होतं की असले कागद कोणी वाचत नसतं. नवराबायकोत त्यावरून रोज हुज्जत. निवडणुकीनंतरच्या पहिल्याच पावसात बाईंचा दमा वाढला. खाटेवर घालून चौघांनी नाल्यापर्यंत नेलं, तर नाला दुथडी भरलेला. दोन दिवस खाट काठावरच्या मोहाखाली होती, वरून ताडपत्री धरलेली. योहानभाऊ तिला सांगत राहिले की साहेबानं अर्ज वाचला असेल, कोणीतरी निघालं असेल. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा खाट गावाकडे परत आणली.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. नाही बोललो. उद्या सांगू, नाताळानंतर सांगू, असं करत चार वर्षं काढली. चार नाताळ मी त्या चादरीच्या मागच्या बाकावर बसलो. दर नाताळाला भात वाढायचा खोळंबून राहायचा, पोरं भुकेनं रडायची, आणि योहानभाऊ रस्त्यावर जाऊन यायचे. येणाऱ्याची वाट बघणं आम्हा ख्रिस्ती माणसांच्या अंगवळणी पडलेलं. दिव्यात तेल ठेवायचं, झोपी जायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. योहानभाऊंनी ती सगळी वाट एका जीपवर नेऊन ठेवली. देवावर ठेवायची भिस्त त्यांनी माणसावर ठेवली, ही त्यांची चूक होती, मी नाही म्हणत नाही. पण ती चूक मला माहीत होती आणि त्यांना नव्हती, आणि तरीही मी दर रविवारी त्यांच्याबरोबर आमदारसाहेबांसाठी प्रार्थना करून आमेन म्हणत होतो. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरी निवडणूक आली आणि साहेब खरोखर आले. कोरड्या नाल्यातून जीप धुरळा उडवत आली. योहानभाऊंनी झेंडूचा हार केला होता, मिशनच्या साहेबांचा जुना कोट घातला होता. हार घालून त्यांनी हळूच विचारलं, अर्ज भेटला होता न, साहेब. साहेब म्हणाले, कोणता अर्ज. पेटीतला, योहानभाऊ म्हणाले. साहेबांच्या शेजारचा माणूस फस्सकन हसला, मग गावही हसलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पुन्हा एकदा लिहून द्या, बघतो, म्हणाला. जेवायला थांबला नाही. प्रार्थनाघराकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

त्या रविवारी रूळ वाजला नाही. मी गेलो तर योहानभाऊ सगळ्यात मागच्या बाकावर बसलेले, चादरीची घडी मांडीवर. 

"कोनीच नाई वाचला, मास्तर," ते म्हणाले. "मार्था म्हने तेच खरं निंगालं. मी तिले दोन दिवस खोटं सांगून राह्यलो होतो."

तेव्हा मी सांगितलं. टेबल, कागद, निळा क्रूस, टोपली, सगळं. त्यांनी मला मारलं असतं तरी मी हात वर केला नसता.

त्यांनी मांडीवरची चादर बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पुरा वाचला होता?"

"पुरा."

"खालची ओळ बी?"

"तीही वाचली. मोठ्यानं. सगळे हसले."

"हसन्याचं काही नाई. मार्था बी हसली होती."

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. प्रार्थनाघराच्या मागं मार्थाबाईंची कबर होती. मी जागचा हललो नाही, पण खिडकी उघडी होती.

"वाचला होता वं, मार्था," ते म्हणत होते. "पुरा वाचला होता. आपल्याच मास्तरनं."

आत आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. त्यांनी चादर उलगडली, पहिल्या बाकावर अंथरली, चारी कोपरे नीट ओढले आणि मला म्हणाले, "बसा. ज्यानं वाचला त्यालेच बलावलं होतं."

मी बसलो. नाही म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. बदली होईपर्यंत मी दर रविवारी त्याच चादरीवर बसत होतो, आणि ते दर शनिवारी ती धूत होते. पावसाळ्यात नाला भरायचा तेव्हा गढूळ पाण्यातच धुवावी लागे. रपटा तोवरही झालेला नव्हता.