खरी गोळी, खोटी गोळी

गांगुर्डे काकांना पहिली गोळी दिली, तेव्हा त्यांनी ती गिळली नाही. पिशवीतून स्टीलची वाटी काढली, तिच्यात पाणी ओतलं, गोळी सोडली आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसले.

"बुडाली," ते म्हणाले. "पण यावरून काहीच सिद्ध होत नाही."

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका दवाखान्यात मधुमेहाच्या नव्या औषधाच्या चाचणीवर कामाला होते. माणसं मिळवायची, त्यांना सगळं नीट समजावून सांगायचं आणि चाचणी संपेपर्यंत ती येत राहतील हे बघायचं. मिळवणं जमायचं, टिकवणं अवघड. कुणाला सुईची भीती, कुणाच्या घरी लग्न, कुणी गावी गेला की गेलाच. नेहमीच्या औषधांबरोबर प्रत्येकाला एक जास्तीची गोळी असे. काहींना खरी, काहींना तशीच दिसणारी खोटी. कुणाची कुठली, हे ना मला ठाऊक, ना डॉक्टरांना.

काकांना नेमकं हेच सहन होत नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेलेली. ते राहत त्या हेंद्रेपाड्यात भाजीवाली "ताजी आहे" म्हणाली, तरी ते विचारत, "पुरावा काय?"

पुढच्या वेळी त्यांच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर एक कमी.

"प्रयोगात खर्च झाली," काका म्हणाले. "ओट्यावर ठेवली होती. मुंग्या लागल्या तर साखरेची, म्हणजे खोटी."

"मग? लागल्या?"

"एक आली. वास घेऊन निघून गेली. तिचं मत कळलं नाही."

"काका, प्रयोग आम्ही करतोय, तुम्ही नाही."

"शरीर कुणाचं आहे मॅडम?"

दवाखान्याच्या बाकड्यावर त्यांची गाठ तोलाराम शेठशी पडली. शेठचं कापडाचं दुकान, तेही आमच्याच चाचणीत. काकांनी ओळख होण्याआधीच विचारलं, "शेठ, तुमची गोळी कडू लागते का?"

"साईं, मेरेको तो सब फीका लगता है," शेठ म्हणाले. "घरवालीने चाय में से शक्कर निकाल दी, जिंदगी में से भी."

त्या दिवसापासून दोघं ठरवून एकाच वेळी येऊ लागले. जिभा बाहेर काढून एकमेकांच्या बघायचे, कुणाला जास्त घाम येतो यावर वाद घालायचे. डॉक्टर वैतागायचे. मला मात्र बरं वाटायचं, कारण दोघांचीही एक फेरी चुकत नव्हती.

मग शेठ यायचे बंद झाले. फोन केला, तर मुलगा म्हणाला, "पप्पांवर तुम्ही उंदरासारखे प्रयोग करता. नाही पाठवणार." चाचणी कुणीही, कधीही सोडू शकतं, हा नियमच होता. मी फोन ठेवला.

"तुमचा नियम तुम्हाला," बाकड्यावरून ऐकत असलेले काका म्हणाले आणि थेट शेठच्या घरी गेले. काय बोलले कोण जाणे. पुढच्या आठवड्यात शेठ मुलाला घेऊनच आले. डॉक्टरांनी दोघांना पहिल्यापासून सगळं परत समजावलं, मुलाने उलटसुलट विचारून घेतलं आणि शेठ पुन्हा चाचणीत आले. "ये आदमी," काकांकडे बोट दाखवत ते म्हणाले, "मेरे सोफे से उठताच नहीं था!"

चाचणी संपत आली होती. एका सकाळी दुकानाचं शटर उघडताना शेठ कोसळले, ते गेलेच. हृदयविकाराचा झटका. बाहेरच्या डॉक्टरांनी रीतसर चौकशी केली. औषधाचा त्यात दोष निघाला नाही.

काका त्यानंतर आले तेव्हा गोळी हातात घेतली आणि सरळ गिळली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "मी ओढून आणला त्याला. त्याला खोटी मिळत असेल, अन् मला खरी, तर?"

शेवटी गोळ्यांचं गुपित उघडायचा दिवस आला. ज्याला हवं त्याला सांगणार होते. शेठचा मुलगाही आला होता. डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोरच सांगितलं : वडिलांची गोळी खोटी होती. तो मान हलवून उठला. मी त्याच्यामागोमाग बाहेर आले.

बाकड्यावर काका बसले होते. त्याला बघताच उभे राहिले. "शेठची गोळी..." एवढंच म्हणाले.

मुलाने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं.

"असली थी, अंकल," तो म्हणाला. "पप्पा की असली थी."

काका परत बाकड्यावर बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

मी म्हटलं, "काका, आत चला. तुमची कुठली ते डॉक्टर सांगतील."

"कशाला?" ते म्हणाले. "माझी खोटीच असणार. बरं झालं, पोरी. फार बरं झालं."

मुलाने त्यांची पिशवी उचलली आणि त्यांचा हात धरून जिना उतरू लागला.