कवळीविना जुनी इंग्रजी

प्राध्यापकांच्या वरच्या कवळीचे बेसिनमध्ये पडून दोन तुकडे झाले, तेही नेमके व्याख्यानाच्या दिवशी सकाळी. विषय होता इंग्रजी भाषेचा इतिहास. तो घ्यायला विद्यार्थी फिरकत नसत. आजच्या व्याख्यानानंतरही कुणी नाव दिलं नाही, तर विषय कायमचा बंद, असं विभागप्रमुख बाईंनी बजावलं होतं. म्हणजे प्राध्यापकही बंदच.

दातांच्या डॉक्टरांनी आठवड्याची मुदत मागितली. बायकोनं तुकडे चिकटवून पाहिले, तर वरचे दात खालच्यांना भेटायलाच तयार होईनात.

"मग तोंड जरा कमीच उघडा," ती म्हणाली.

बाईंनी हजेरी सक्तीची केल्यामुळे वर्ग खच्चून भरला होता. प्राध्यापकांनी सांगायला घेतलं, की आज आपण 'नाइफ' म्हणतो, त्यातला 'क' पूर्वी मुका नव्हता, लोक चक्क 'क्नीफ' म्हणत. पण बाहेर पडलं ते 'ख्नीहऽ', शिट्टीसकट. कुणी हसलं नाही. सगळे माना खाली घालून लिहून घेऊ लागले. 'नाइट'चा 'निख्त' करताना पहिल्या बाकावरच्या मुलीवर तुषार उडाले, तेही तिनं आदरानं पुसले.

आता मात्र प्राध्यापकांचा धीर सुटला. माझी कवळी तुटली आहे, हे सगळे उच्चार चुकीचे आहेत, लिहू नका, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. पण त्यातलं एक अक्षर कुणाला कळेल तर शपथ.

मागून एका दाढीवाल्यानं विचारलं, "सर, ही कविता कोणत्या शतकातली?"

प्राध्यापकांचे डोळे भरून आले. कविता फारच करुण असावी असं समजून वर्गानं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत नावं देणाऱ्यांची रांग लागली.

नवी कवळी आल्यावर त्यांनी पहिल्याच तासाला सगळे उच्चार खणखणीत आणि अचूक करून दाखवले. तास संपताच बाईंनी बोलावून घेतलं. मुलांची तक्रार होती, की सरांचं शिकवणं एकदम घसरलंय, उच्चार अगदीच आजकालचे वाटतात. प्राध्यापकांनी मग कवळीची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकली आणि उठून दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलू नका," त्या म्हणाल्या. "आणि तासाला येताना ती काढून येत जा."

"अहो, पण ते उच्चार साफ चूक आहेत," प्राध्यापक काकुळतीला आले.

"सर, त्या काळी दात तरी किती जणांना होते?"