दिनूभाऊंची कडी

दिनूभाऊंनी ऑफिसातल्या चहाच्या कपाचा कानसुद्धा कधी कुणाला उजवीकडून डावीकडे वळवू दिला नाही. "लोकायच्या हाताले सवय झाली हाय, बे!" असं ते ओरडले, की राळेगावला निघालेली एसटी बसस्टँडातच ब्रेक मारायची.

यवतमाळातलं आमचं ऑफिस म्हणजे कोल्ड्रिंकच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि हवेपेक्षा आवाज जास्त देणारा पंखा. काम मात्र जोखमीचं. कापसाचे भाव तेव्हा असे कोसळत, की सकाळी गाडी भरावी आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाशी पोचेस्तोवर अर्धा भाव वाऱ्यावर गेलेला. म्हणून बाजारातला ताजा भाव मारेगाव, महागाव, राळेगावच्या संगणक केंद्रांना निरोपासारखा धाडणारा प्रोग्रॅम आम्ही जावा या संगणकभाषेत लिहिला होता. केंद्रवाल्यांनी आपापले प्रोग्रॅम त्याला जोडून घेतले होते.

केंद्रांच्या प्रोग्रॅमनी निरोपांचं कनेक्शन मागायची पद्धत दिनूभाऊंनी ठरवलेली: केंद्राचा पत्ता द्या, कनेक्शन घ्या. बस्स! मी नवा होतो, म्हणून विचारलं, "भाऊ, आत ते कनेक्शन कसं बनते, ते दाखवाचं ना त्यायले?"

"कायले? जिनिंगमंदी मशीन कोणती लावली, हे कापूसवाला पुसते का? त्यानं गाडी फाटकात आणावी. आतमंदी आपण मशीन बदलवू, नाही तं हत्ती जुंपू. फाटक हालवाचं नाही!"

आणि खरंच, आतलं सगळं त्यांनी इतक्यांदा उलटंपालटं केलं, की सर्व्हरलाही आपण कोण ते आठवेना. बाहेर मात्र एक अक्षर बदललं नाही.

मग नागपूरच्या हेड ऑफिसातून साहेबांचा फोन आला. कनेक्शन मागताना आता पासवर्डही घ्यायचा, जुनी पद्धत सोमवारपासून बंद.

"नवी पद्धत बाजूले उभी करतो, साहेब," दिनूभाऊ म्हणाले. "जुन्या वाटेनं येईन त्याचा पासवर्ड आपण आतून भरू. पण जुनी बंद केली, तं केंद्रवाल्यायचे जुने प्रोग्रॅम अडतीन, केंद्रावर भावच दिसणार नाही. लोक कालच्या भावावर गाड्या भरतीन."

"जुनी काढा, नाहीतर तुम्ही निघा."

दिनूभाऊंनी डबा उचलला आणि ते निघाले! साहेबांनी समजूत काढायला मला त्यांच्या घरी धाडलं.

दार हिरवं, रंगाचे पोपडे पापडासारखे सुटलेले. शेजारची बकरी त्याला अंग घासत उभी. कडी अशी वाकडी, की वाजवायला मनगट उलटं फिरवावं लागलं. आत गेलो तर नव्या फरशा, नवा ओटा, नवा फ्रिज! देव बिचारे कपाटावर बसून आपली जागा शोधत होते.

"भाऊ, एवढं सगळं बदलवलं, अन दार काहून नाही?"

दिनूभाऊंचा आवाज पहिल्यांदाच एसटी न थांबवता निघाला. "सोनी माही पोरगी. मनानं लग्न केलं तिनं, अन मी नाही नाही ते बोललो. गेली. तिच्या हाताले हेच दार, हेच कडी माहीत हाय. नवं दार दिसलं, तं म्हणंन, बाबानं आपल्याले दार बंद केलं. वाजवल्याबिगरच परत जाईन."

चहा येईस्तोवर मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "जुनी पद्धत राहू द्या, साहेब. काढायचीच असेल, तर दिनूभाऊंसोबत मलाही काढा, आणि सोमवारी भाव तुम्ही सायकलवर वाटत फिरा."

साहेबांनी आधी केंद्रं किती, ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "ठेवा. दोन्ही ठेवा."

मी ही खबर सांगतोय, तोच कडी वाजली. दिनूभाऊ कप ठेवून ताडकन उठले.

"भाऊ, बकरी हाय ते."

"माहीत हाय, बे. रोज तेच असते," ते म्हणाले, आणि केसांवरून हात फिरवत दार उघडायला गेले.