किडनीला अहोजाहो

डॉक्टर नसीम बागवान किडनीला अहोजाहो करायच्या आणि आम्हाला अरेतुरे. काढलेली किडनी हातात आली, की मान किंचित झुकवून म्हणायच्या, "या. आता आपण जरा गार व्हा."

मी तेव्हा नवा भूलतज्ज्ञ. विचारलं, "मॅडम, तिला ऐकू येतं?"

"तुझ्यापेक्षा बरं."

बाई वारज्याला एकट्याच राहायच्या. उकाड्याशी त्यांचं वैर होतं. चहा पार गार करून पीत. त्यांच्या गाडीतून येताना मी मे महिन्यातही स्वेटर घाली.

त्यांचा हट्ट एकच. हृदय थांबून गेलेल्या माणसाचीही किडनी वाचवता येते. रक्त थांबलं की ती उबेनं नासू लागते. पण लगेच गार द्राव सोडला आणि यंत्रानं तो आतून फिरवत ठेवला, तर तग धरते. आमच्याकडे हे कुणी केलेलं नव्हतं. मोठे सर्जन, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, ते हसत. "नसीम, किडनी आहे ती, श्रीखंड नाही."

"श्रीखंड तुम्ही वाया घालवलं नसतं, सर."

मग एके सकाळी हिंजवडीकडच्या गावातला एक शेतकरी गेला. रस्त्यावरचा अपघात. तो वाचत नाही हे कळल्यावर त्याच्या बायकोनं, सुमनताईनं, दानाला होकार दिला होता. ठोके थांबले. दुसऱ्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे वाट पाहून मृत्यू जाहीर केला, आणि मगच बाई आत शिरल्या.

एक किडनी अपघातातच चेचली होती. दुसरी यंत्रावर चढवली, तर द्राव आत शिरेना. यंत्रावर चढलेला दाबाचा आकडा पाहून सर म्हणाले, "सोडून दे."

"दुपारपर्यंत थांबते," म्हणत बाईंनी स्टूल ओढलं आणि यंत्राला खेटून बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत.

दुपारी दाबाचा आकडा उतरू लागला, द्राव आत शिरू लागला. "उपकार झाले आपले," बाई किडनीला म्हणाल्या. संध्याकाळी ती येरवड्याच्या एका शिक्षिकेच्या पोटात बसली.

पण लघवी होईना. अशा किडन्या उशिरा जाग्या होतात, असं बाईच सगळ्यांना सांगत, आणि मग सारखा फोन करत, "पाणी आलं का?" जणू पेठेतला नळच. सरांनी टोमणे मारणं बंद केलं, तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

काही दिवसांनी सकाळी सिस्टर हाका मारत आली. पिशवीत लघवी होती. पिवळीधमक, स्वच्छ आणि थांबायचं नाव नाही. आम्ही एवढी शिकलेली माणसं त्या पिशवीभोवती टाळ्या वाजवत उभी होतो. सरांनी स्वतः पेढे मागवले. "जिंकली बुवा नसीम," म्हणाले.

पण बाई होत्या कुठे? पेढे घेऊन मी शोधायला निघालो. खाली बाकावर त्या सुमनताईजवळ बसल्या होत्या. ती मृत्यूचा दाखला न्यायला आली होती. किडनी कुणाला दिली ते सांगायची मुभा नव्हती, बाईंनी एवढंच सांगितलं, "चालू झाली."

सुमनताई हसली, मग पदरानं डोळे टिपले. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "लई गार ठिवलं व्हतं म्हनं. आमच्या मालकास्नी थंडी सोसत न्हवती. गारठलं असतील का वो?"

मला वाटलं, आता बाई तिला शरीरशास्त्र समजावणार.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी जवळच बसले होते. एकटं नाही ठेवलं त्यांना."

सुमनताईनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाई तशाच बसून राहिल्या. मी पेढे बाकाच्या कडेला ठेवले आणि परत फिरलो.