चौथी मिती आणि फिरती खुर्ची

मंडळी, जगाला तीनच मिती आहेत असं कुणी सांगायला आलं, तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवा. लांबी, रुंदी, उंची, आणि पुढे दुकान बंद? असं कसं चालेल! चौथी मिती आहे. मी ती खडूने चामड्यावर सिद्ध केलेली आहे. त्यापायी माझं काय झालं ते ऐका, आणि मग ठरवा चूक माझी की जगाची. मला विचाराल तर जगाची.

मी हातमोज्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे. गोदामात माल उचलणारे लोक घालतात ना, तसले मोजे. तळव्याला चामडं, पाठीला जाड कापड. कापड दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे त्याची काही भानगड नाही. चामडं मात्र एका बाजूने गुळगुळीत आणि दुसरीकडून खरखरीत, आणि गुळगुळीत बाजू बाहेर दिसलीच पाहिजे हा मालकांचा हट्ट. माझ्याकडे तळव्याच्या आकाराचा लोखंडी साचा आहे, वरच्या-खालच्या दोन्ही कडांना धार असलेला. तो चामड्यावर ठेवायचा, प्रेस दाबायचं, डावा तळवा तयार. साचा पालथा घालायचा, प्रेस दाबायचं, उजवा तयार. एवढंच काम, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्याने.

या उभं राहण्याने माझ्या पायांची पार वाट लावली आहे. पिंढऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्यात. डॉक्टर म्हणाले, बसायचं काम बघा. कटिंगमध्ये बसायची जागा एकच, सुपरवायझरची. काचेची केबिन आणि आत फिरती खुर्ची. डावे-उजवे तळवे सारखे भरतात की नाही, हे त्या खुर्चीत बसून बघायचं! आमचे जुने सुपरवायझर महिनाअखेर निवृत्त होणार होते. मालकांनी मला बोलावून सांगितलं होतं, ही मोठी ऑर्डर बिनबोभाट बाहेर पडू दे, खुर्ची तुझी. माझी बायको त्याच कारखान्यात शिलाईला आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. रात्री माझे पाय तीच चेपते, तेव्हा होणारच.

आता मितीचं प्रकरण. गल्लीतल्या वाचनालयात एका निवृत्त मास्तरांचं विज्ञानावर व्याख्यान होतं. खरं सांगतो, तिथे बसायला खुर्च्या असतात म्हणून गेलो होतो. पण मास्तरांनी फळ्यावर एक ठिपका काढला आणि माझी झोप उडाली. ठिपक्याला टोक एक. ठिपका सरकवला की रेघ, तिला टोकं दोन. रेघ सरकवली की चौकोन, कोपरे चार. चौकोन उचलला की ठोकळा, कोपरे आठ. मास्तर म्हणाले, आता ठोकळा सरकवा. कुठे सरकवायचा ते विचारू नका, फक्त आकडा सांगा. आणि माझ्या तोंडून निघालं, सोळा! सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. उभ्या आयुष्यात माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

मग मी सुटलोच. कडा मोजायला घेतल्या. रेघेची एक, चौकोनाच्या चार, ठोकळ्याच्या बारा. दर वेळी आधीच्या कडा दुप्पट करायच्या आणि त्यात आधीचे कोपरे मिळवायचे, म्हणजे चौथ्या मितीत बत्तीस. बघा, डोळ्यांना दिसत नाही पण आकडे बरोबर बोट धरून नेतात. त्यावर मास्तरांनी प्रकाशाचं सांगितलेलं. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथा हिस्सा उरतो. चार मिती असत्या तर आठवा उरला असता. सूर्याची ओढही तशीच पातळ झाली असती आणि ग्रह धड फिरलेच नसते. एक तर सूर्यात पडले असते, नाहीतर भरकटले असते. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग तीनच बऱ्या की. कशाला नसती उठाठेव?"

कारखान्यात मला सगळे प्रोफेसर म्हणायला लागले. मी ते मानाने घेतलं. शेजारच्या प्रेसवर एक जण कामाला आहे, त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो, कारण तो कधी तोंड उघडत नाही. तो एकटाच मला प्रोफेसर म्हणायचा नाही. मला वाटायचं, जळतो.

ऑर्डरच्या दिवशी सकाळभर मी डावे तळवे कापले. जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी साचा पालथा घालून ठेवला, म्हणजे आल्याबरोबर उजवे सुरू. इतका व्यवस्थित माणूस मी. सुट्टीत सगळे माझ्या टेबलाभोवती डबे घेऊन बसले आणि एकाने काडी टाकली. म्हणाला, प्रोफेसर, तुमच्या त्या चौथ्या मितीचा उपयोग काय?

उपयोग! अहो, हातमोज्यांच्या कारखान्यात हा प्रश्न? मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, समजा तुम्ही कागदासारखे सपाट आहात, टेबलावरच राहता. तुमच्याकडे हा उजवा तळवा आहे. टेबलावर सरकवा, गोल फिरवा, डोकं आपटा, त्याचा डावा होणार नाही. पण मी तिसऱ्या मितीतला माणूस. मी तो वर उचलणार, पालथा करणार, आणि बघा! असं म्हणून मी साचा उचलला आणि टेबलावर उलटा आपटला. उजव्याचा डावा झाला. तसाच आख्खा शिवलेला डावा मोजा चौथ्या मितीत नेऊन फिरवला, की उजवा होऊन परत येईल. अर्धाच माल कापायचा आणि उरलेला फिरवून आणायचा! टाळ्या पडल्या. थट्टेच्या होत्या हे आज कळतंय. भोंगा झाला, सगळे उठले, आणि मी प्रेसला भिडलो.

साचा कुठल्या बाजूला पडलाय हे बघायला नको? नको! माझं डोकं पाचव्या मितीत होतं. तिथे कडा ऐंशी होतात. मी कापत सुटलो.

दुपारी शिलाईतून निरोप आला की तुम्ही पाठवलेत ते सगळे डावे आहेत. मी उलट निरोप पाठवला की सकाळचे गठ्ठे बाजूला ठेवा, मिसळू नका. थोड्या वेळाने पुन्हा निरोप, हेही डावेच. मी म्हटलं, बायकोला सांगा, घरातला राग कारखान्यात काढू नकोस. सकाळी आमची जरा वाजली होती, चहाच्या कपावर मी कडांचा हिशेब लिहिला म्हणून. शेवटी ती स्वतःच आली. टेबलावरचा नुकता कापलेला तळवा उचलला, गुळगुळीत बाजू वर धरून माझ्या उजव्या हातावर ठेवला. अंगठा करंगळीच्या बाजूला गेला.

चामडं संपलेलं होतं. गाडी सकाळी लागणार होती. मी मौनीबाबाकडे बघितलं. तो मशीन पुसत होता. मी विचारलं, तू साचा पडताना बघितलास?

"बघितला की," तो म्हणाला. "पण तुम्ही शिकवत होतात. मध्येच कसं बोलणार?"

वर्षानुवर्षं शेजारी काम केल्यावर माणसाने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य! मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण पाय साथ देईनात.

तेवढ्यात मालक आले. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. ते डाव्या तळव्यांच्या ढिगाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. माझी पाचावर धारण बसली आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, साहेब, हे उजवे होऊ शकतात, फक्त चौथी मिती पाहिजे.

"कुठे मिळते?" मालकांनी विचारलं. "आत्ता फोन लाव."

अहो, ते खरोखरच खिशातून फोन काढत होते! मी घाईघाईने समजावायला लागलो, की साहेब, ती बाजारात मिळत नाही, ती फक्त शिवलेल्या मोज्याला लागते, हा तर नुसता सपाट तुकडा, याला तिसरीसुद्धा पुरते. असं म्हणत मी तुकडा उचलून पालथा टाकला. समोर उजवा तळवा पडला होता. फक्त खरखरीत बाजू वर आली होती.

मालकांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. बायको म्हणाली, "शिवता येईल. खरखरीत बाजू बाहेर ठेवायची, एवढंच." मालकांनी माल घेणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, उजवा हात खरखरीत असला तर उलट बरं, खोकी हातातून निसटणार नाहीत. शिलाईच्या बायका उशिरापर्यंत बसल्या आणि सकाळी गाडी वेळेवर गेली. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, डोकं आहे याच्याकडे! मी खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवायला लागलो. खिडकीकडे तोंड करून, असं मनात होतं.

महिनाअखेरीला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि उभं ठेवूनच सांगितलं. यापुढे सगळे मोजे असेच. एक हात गुळगुळीत, एक खरखरीत, गिऱ्हाईक खूश आहे. तू फक्त डावे काप. साचा पालथा घालायचाच नाही, मग चूक होणार कुठून?

मी म्हटलं, साहेब, मग मी सुपरवायझर म्हणून बघायचं काय?

"तेच म्हणतोय," मालक म्हणाले. "बघायला काही उरलंच नाही. तूच तर काम सोपं केलंस. डावं-उजवं आता शिलाईत ठरतं, सुपरवायझर तिकडे लागेल."

दोन हमालांनी खुर्ची उचलली आणि माझ्या प्रेससमोरून शिलाईत नेली. नेताना ती गरागरा फिरत होती. शिलाईत सगळ्यात जुनी आणि हुशार बाई कोण? माझीच. केबिनची काच काढून तिथे आता चामड्याची थप्पी लावतात. साचा मालकांनी टेबलाला स्क्रूने पक्का करून टाकला आहे. मी डावे कापतो, डावे कापतो आणि डावे कापतो. मितीबद्दल आता कुणी विचारत नाही.

बायको रात्री अजून पाय चेपते, नाही असं नाही. पण परवा पाय अगदीच भरून आले, म्हणून दुपारी शिलाईत गेलो. ती गठ्ठे तपासायला उठलेली होती. मी हळूच त्या खुर्चीत टेकलो. काय सांगू, डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती समोर उभी होती आणि सगळ्या बायका माना खाली घालून शिवत होत्या.

"अहो," ती अगदी हळू, मायेने म्हणाली, "घरी पाहिजे तेवढं बसा. इथून उठा."

उठलो.