खडकोबाचा डिस्चार्ज

सन एकोणीसशे सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या सुधारणा समितीने ठराव क्रमांक सात एकमताने मंजूर केला. "मनुष्यजात आता वयात आली असून तिला देवाची गरज उरलेली नाही, सबब ग्रामदैवत श्रीखडकोबा यांस सेवेतून मुक्त करण्यात यावे." ठराव मांडला अध्यक्ष नानासो हवालदारांनी. ते इजिप्त, इटली बघून नुकतेच पलटणीतून सुटून आले होते. देवाला न विचारता तिकडे झाडाचं पान सर्रास हलतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अक्षर माझं. मी समितीचा चिटणीस, शिवाय गावाचं टपाल वाचून दाखवणारा एकटाच, म्हणून माझ्या अक्षराला मान आहे.

चौथ्या दिवशी भर दुपारी चावडीत एक म्हातारा आला. अंगावर घोंगडी, कपाळाला भंडारा, गुडघ्यांवर शेंदराचे थर. मी नाव विचारलं, तर म्हणाला, खडकोबा. कामाच्या वेळी मी थट्टा खपवून घेत नाही. देवळात माणूस धाडला, तो धापा टाकत परत आला. चौथरा रिकामा होता. मग मात्र मी पाहुण्यांना बसायला घोंगडं टाकलं.

आम्हाला वाटलं, देव रागावून आलाय. तो तर खुशीत होता.

"लय उपकार झालं," तो म्हणाला. "आता माळावर जाऊन नुसता उन्हात बसतो. फकस्त कागुद द्या. मागं एकदा कागदाबिगर गेलो, तर तुमच्या पणज्यांनी वाजतगाजत परत आणून बसीवलं."

मागणी रास्त होती. नानासोंनी खिशातून स्वतःचा डिस्चार्जचा कागद काढून दाखवला. तो ते जेवतानाही जवळ ठेवतात. हातातल्या कामाचा चार्ज दुसऱ्याकडे दिल्याशिवाय पलटण कुणाला सोडत नाही, असं त्यांनी समजावलं. देव एकेक काम सांगत गेला, मी लिहून घेत गेलो. पाऊस कलेक्टरांकडे वर्ग केला. जनावरांचे रोग तासगावच्या गुरांच्या डॉक्टरकडे. खोटी शपथ घेणाऱ्याला धाक घालायचं काम आकाराम पाटलांनी मागून घेतलं, कारण खोट्या शपथांचा त्यांना दांडगा अनुभव आहे. मनुष्यजात किती तयार आहे ते बघून आम्हालाच आमचं कौतुक वाटलं. चहा आला.

शेवटचं कलम हरणाबाईचं निघालं. हरणाबाई मेंढरांमागे जन्म गेलेली धनगरीण, आणि तिचा एकुलता एक जोतिबा पलटणीत. रोज सकाळी ती देवाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक कळी चिकटवते आणि कौल मागते. उजवी पडली तर पोरगा खुशाल. डावी पडली तर काय, हे तिने कधी विचारलं नाही, कारण डावी कधी पडलीच नाही.

"पोरगं तिकडं इटलीत लढाईत गेलं," देव म्हणाला. "दोन वरीस झाली. माज्या हातनं डावी कळी सुटंना. रोज उठून त्या माउलीशी खोटं बोलतोय मी. आता न्हाई हुईत. तुमी मोठं झालायसा न्हवं? मग तुमी सांगा तिला."

बातमी नानासोंना नवी नव्हती. जोतिबाला माती त्यांनीच दिली होती. मलाही नव्हती. सरकारी तार आली तेव्हा वाचणारा मीच होतो आणि हरणाबाई समोर उभी होती. मी तारेची घडी घातली, सरकारी कामाची आहे म्हणालो, आणि पोराचं विचारायचं तर देवाला विचार, असंही मीच म्हणालो. तार तेव्हापासून दप्तरात आहे, व्यवस्थित क्रमांक घालून. मला लाज वाटली. पण हा विषय सभेपुढे नव्हता.

कागद तयार झाला. खाली "मनुष्यजातीतर्फे" असं लिहून सहीला जागा सोडली. सही करील त्यानेच जाऊन हरणाबाईला सांगायचं होतं. आकाराम पाटलांच्या घरी लगीन होतं, त्यामुळे अभद्र बोलणं त्यांना वर्ज्य. मी पडलो चिटणीस. अध्यक्षांच्या आधी माझी सही चालत नाही. नानासोंनी टाक शाईत बुडवला आणि तसाच हातात धरून बसले.

"काम नाजूक हाय," ते म्हणाले. "एकदा कौल लावून बघू."

देवाने कपाळावर हात मारून घेतला. पण उठला आणि देवळाकडे चालू लागला. कौल म्हटलं की चौथऱ्यावर जाऊन बसायचं, ही त्याची चारशे वर्षांची सवय. आम्ही मागोमाग गेलो. नानासोंनी कळ्या लावल्या, चपला काढल्या नव्हत्या त्या आठवणीने काढल्या, आणि हात जोडून म्हणाले, "मानूस मोठा झालाय, हरणाबाईला आमीच सांगावं, ह्याला तुजी राजीखुशी असंल तर उजवी दे."

बोलणं संपायच्या आत उजवी पडली. पडली कसली, उडून नानासोंच्या नाकावर आपटली.

गाव थक्क झालं. इतका चटकन कौल कुणाच्या आज्यानेही पाहिला नव्हता. एवढा जागृत देव हातचा घालवणं म्हणजे करंटेपणा, यावर जागच्या जागी एकमत झालं. ठराव क्रमांक आठ: मनुष्यजात वयात आल्याप्रीत्यर्थ दरसाल मार्गशीर्षात खडकोबाची जत्रा भरवावी, पहिला नारळ अध्यक्षांचा. भंडारा उधळला गेला. त्या पिवळ्या धुरळ्यात देव खाली उतरायला बघत होता, पण पायांवर डोकी टेकायला एवढी गर्दी, की त्याला पाय काढून घेता येईनात.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई आली. मी मुद्दाम जाऊन उभा होतो. तिने कळ्या लावल्या, डोळे मिटले. खूप वेळ काहीच पडेना. मग उजवी पडली. "खुशाल हाय," ती मला म्हणाली आणि दोघांच्या भाकरीचं पीठ मळायला घरी गेली.

कागद माझ्याकडेच आहे, सहीची जागा कोरी आहे. आपण शिकलेले वाचक, हे वाचून आमच्या गावाला हसलातही असाल, म्हणजे वयात आलेले खासच. तेव्हा सहीला आपणच यावं. हरणाबाईचं घर चावडीपासून तिसरं. ती दारातच असते. तार मी काढून ठेवली आहे. वाचून तेवढी आपण दाखवायची. निघण्यापूर्वी कौल लावावासा वाटला तर संकोच करू नका, देव अजून कामावर आहे.