कुमुदताईंचा फिक्का चहा

आमच्या बिल्डिंगमध्ये भांडण झालं की लोक आवाज चढवतात, स्कूटरची हवा सोडतात, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर "काही लोकांना समजत नाही" असं लिहून मोकळे होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदताई मात्र ज्याच्यावर रागावतात त्याला चहाला बोलावतात.

बोलावणं रीतसर. आदल्या दिवशी स्वतः येऊन, दारातच उभं राहून, "मिसेस सावंत, उद्या चारला चहाला या." चारला गेलात की टेबलावर लेसचा रुमाल, किटलीवर कापडी टोपी, साखरेच्या वड्यांचं भांडं आणि चांदीचा चिमटा. ताई चहा ओततात, चिमटा हातात धरतात आणि विचारतात, "एक की दोन?" असं विचारलं म्हणजे समजायचं, सगळं ठीक आहे. पण त्या रागावल्या असल्या तर विचारतच नाहीत. बिनसाखरेचा कप गोड हसून तुमच्या हातात देतात आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात. साखर मागायची सोय नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा, "छान झालाय" म्हणायचं आणि घरी येऊन विचार करत बसायचं, की आपलं नेमकं चुकलं काय.

आमच्या ह्यांना पहिल्यांदा फिक्का मिळाला तो सेक्रेटरी झाल्यावर. सोसायटीच्या नोटिशीत ताईंचं नाव यांनी 'कुमुद के.' एवढंच छापलं होतं. तोंड वाकडं करून घरी आले तर माझ्या सासूबाई म्हणतात, "काय रे, साखर सरली काय तिची?" सासूबाई पक्क्या मालवणी. कोणाचा राग आला की आमच्याकडे ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, त्यामुळे हा प्रकार त्यांच्या डोक्यावरून गेला.

हळूहळू सगळ्या बिल्डिंगला ही भाषा कळली. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना विचारायला लागले, "काय, गोड की फिक्का?" एकदा तर वरच्या मजल्यावरचे शहाकाका रडकुंडीला येऊन माझ्याकडे आले, "भाभी, मी काय केलं ते जरा विचारून सांगा ना."

स्वतः ताई कायम फिक्काच पितात. डायबेटिस नाही, बीपी नाही, नव्वदीला टेकल्या तरी काठी नाही. विचारलं तर "सवय" एवढंच. आम्हाला वाटलं, हेच त्यांच्या तब्येतीचं गुपित. सासूबाईंनी ईर्षेने दोन दिवस साखर सोडून पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मरान पण गोड पियान."

ताई म्हणजे एकेकाळी मलबार हिलच्या बंगल्यातली मुलगी. वडील कापसाचे मोठे व्यापारी. घरी दोन मोटारी, उन्हाळ्यात महाबळेश्वर, संध्याकाळी क्लबात ब्रिज. मग सगळं गेलं. बंगला विकला आणि बाप-लेक बोरीवलीला आली, तेव्हा इकडे रस्त्यावर दिवेसुद्धा नव्हते म्हणे. ताईंनी लग्न केलं नाही, एका ऑफिसात टायपिंग करून वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. पण बोलण्यातून मलबार हिल सुटली नाही. भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात, "रीत म्हणून काही आहे की नाही?" तो बिचारा घाबरून कोथिंबीर जास्त घालतो.

फिक्क्या चहाची रीतही तिकडचीच. ताई आणि त्यांची मैत्रीण इंदुमती, दोघींनी मिळून काढलेली. बड्या घरच्या त्या चहापार्ट्यांत सगळ्यांच्या आया समोर बसलेल्या, मुलींनी भांडायचं कसं? तर जिला राग आला असेल तिने चहा ओतायचा आणि दुसरीच्या कपात साखर घालायची नाही. समेट झाला की दोन वड्या. "सगळ्यांच्या देखत, आणि कोणाला पत्ता नाही!" हे सांगताना ताई अगदी सोळा वर्षांच्या होतात.

याच इंदूने ताईंचा घात केला. ताईंचं लग्न एका गिरणीमालकाच्या मुलाशी ठरलं होतं. साखरपुडा झालेला. आणि वडिलांचा धंदा बुडाल्याचं, बंगला गहाण पडल्याचं घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. ताईंनी ते फक्त इंदूला सांगितलं. इंदू क्लबात पत्ते खेळता खेळता बोलून गेली. आठवड्याभरात मुलाकडचे लग्न मोडून मोकळे.

"मग हो?" मी दरवेळी विचारायची.

"मग काय. तिला चहाला बोलावलं, फिक्का दिला. ती प्यायली. संपलं."

गोष्ट नेहमी इथेच संपायची. पुढे इंदूचं घाईघाईत ग्वाल्हेरकडच्या सरदार घराण्यात लग्न झालं, एवढं एक वाक्य ताई जोडायच्या आणि कप उचलून आत जायच्या.

आणि बघा काय योग! आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये पल्लवी नावाची एक मुलगी यायला लागली. नॅशनल पार्कच्या बाजूला नवे टॉवर झालेत ना, तिथली. एक दिवस कुरकुरत होती, "आमच्या आजेसासूबाई ग्वाल्हेरहून आमच्याकडे राहायला आल्यात. साखर बंद आहे, तरी साखरेच्या वड्या आणायला लावतात. टेबलावर भांडं पाहिजे म्हणतात." माझे पाय जागच्या जागी थांबले. म्हटलं, "नाव इंदुमती का गं?"

तिचं "हो, तुम्हाला कसं माहीत?" पुरतं ऐकायला कोण थांबतंय! मी तशीच तिसऱ्या मजल्यावर.

ताईंनी ऐकलं. खुर्चीच्या हातावरचा रुमाल सरळ केला. मग म्हणाल्या, "गुरुवारी चारला. रीतसर बोलावणं पोचवा." आणि मी दाराशी गेल्यावर मागून, "दोन घालणार आहे मी तिला, मिसेस सावंत. पुरे झालं आता. आम्ही दोघी किती दिवसांच्या सोबती?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण बुधवारी पल्लवीचा फोन. "काकू, आजी परवाच हॉस्पिटलमधून आल्यात. डॉक्टरांनी बजावलंय. साखरेचा एक कणसुद्धा नाही. प्लीज तिथे सांगाल ना?"

सांगितलं. साखरेचं भांडं पुसत असलेल्या ताई ते तसंच हातात धरून खाली बसल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मिसेस सावंत," त्या म्हणाल्या, "डायबेटिसवाल्यांना माफ कसं करायचं हो?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. म्हटलं, "ताई, तोंडाने सांगा ना. झालं गेलं विसर, म्हणा."

"तोंडाने? आमच्यात तशी रीत नाही."

"मग शुगर-फ्रीची गोळी घाला."

"गोळी!" त्या कडाडल्या. "इतक्या वर्षांनी गोळी?"

गुरुवारी ताईंनी ठेवणीतली शिफॉन नेसली, गळ्यात मोत्यांचा सर. मला चार वेळा विचारलं, पदर नीट आहे ना. मी मनात सरदार घराण्यातली राणी धरून बसलेली. दारातून आली ती पल्लवीच्या हाताला धरून एक एवढीशी म्हातारी, अंगात सैल पंजाबी ड्रेस, पायात नातवाचे वाटावेत असे स्पोर्ट्स शूज.

"कुमे," ती धापा टाकत म्हणाली, "नाक अजून वरच का गं?"

"ये, बस," ताई म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढली.

हवापाण्याच्या गप्पा झाल्या. बोरीवलीत हल्ली थंडीच पडत नाही. ग्वाल्हेरला फार पडते. मग ताईंनी चहा ओतला. चिमट्यात वडी धरली आणि हात इंदूबाईंच्या कपावर येऊन थांबला.

"आजी, नको हं," पल्लवी ताईंना म्हणाली.

हात तसाच. वडी भांड्यात परत ठेवावी, तर फिक्का. कपात घालावी, तर बाई उद्या पुन्हा हॉस्पिटलात. ताईंच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मी स्वतःलाच शिव्या घालत होते, कुठून भेट घडवून आणली मी ही.

इंदूबाईंनी हात पुढे केला आणि ताईंच्या बोटांतून चिमटा काढून घेतला. "माझं राहू दे. आधी तुझा. एक की दोन?"

"मी घेत नाही."

"कधीपासून?"

ताईंनी आपला कप जवळ ओढला.

"कुमे, माझं आणि पियानोच्या मास्तराचं आमच्या आईला तूच सांगितलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं," इंदूबाई म्हणाल्या. "मी तुझं लग्न मोडलं, तू माझं लावून दिलंस."

"कोण पियानोचे मास्तर?" पल्लवीने डोळे मोठे केले. इंदूबाईंनी बशी तिच्याकडे सरकवली.

"तू बिस्किट खा."

"तुला फिक्का देऊन माझा राग गेला नाही गं," ताई एकदम बोलायला लागल्या. "म्हणून तुझ्या आईंना जाऊन सांगितलं. महिन्याभरात तुला बोहल्यावर उभी केली. मी मांडवातसुद्धा आले नाही. तो तुझा फ्रान्सिस मास्तर पुढे आमच्या फाटकाशी येऊन तुझा पत्ता विचारायचा. रडायचा गं तो."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं आम्ही ताईंच्या फिक्क्या चहाला तब्येतीचं गुपित समजत होतो. बाई रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःलाच फिक्का देत होती. घरात दुसरं कोणी नाही, देणारी तीच आणि पिणारीही तीच. मला रडू आवरेना. पदर तोंडाला लावला आणि खुशाल रडले.

इंदूबाईंनी चिमटा भांड्यात घातला. एक वडी रुमालावर पडली. ती राहू दिली, दुसरी उचलली. ताईंच्या कपात एक घातली, मग आणखी एक. चमच्याने ढवळून कप पुढे सरकवला. "मला चालत नाही, तर तू तरी पी."

ताईंनी घोट घेतला. लहान मुलाला औषध दिल्यावर होतं तसं तोंड झालं. सवय कुठे राहिली होती? पण कप खाली ठेवला नाही. सगळा प्यायल्या.

मग म्हणाल्या, "इंदू, तुझ्या कपात मी दोन घातल्यात, असं समज."

इंदूबाईंनी आपला कप दोन्ही हातांनी उचलला. सावकाश एक घोट घेतला, डोळे मिटले.

"कुमे, जरा जास्तच गोड झालाय गं."

पल्लवी दचकून माझ्या कानाशी आली. "काकू, घातली का त्यांनी साखर?"

"नाही गं," मी नाक पुसत म्हटलं, "तू बिस्किट खा."